‘स्मूथ’वर टाका, मामा!

गेल्या मे महिन्यात जामखेडला बहिणीकडे गेलो होतो. दुपारचे तीन वाजलेले, पत्रे तापलेले, लाइट गेलेली. ओट्यावर चार पोरं भिंतीला टेकून बीजीएमआय खेळत होती. भाच्याने माझा फोन मागितला, गेम उघडला आणि तोंड वाकडं केलं. “मामा, एचडीआरवर कुणी खेळतं का? स्मूथवर टाका.” मी काही बोलायच्या आत त्याचा अंगठा फिरू लागला होता. ग्राफिक्स स्मूथ, फ्रेम रेट एक्स्ट्रीम, सावल्या बंद. मग त्याने फोनचं रबरी कव्हर काढलं, पॉवर बँकेची वायर उपसली, ब्राइटनेस निम्म्यावर आणला आणि फोन माझ्या हातात दिला. “आता बघा कसा पळतो.”

चित्र जरा फिकं झालं होतं. भिंतींवरचा पोत गेला होता, झाडं सपाट दिसत होती. पण मघाशी अडखळत वळणारा माणूस आता बोटाबरोबर वळत होता.

वीस वर्षांपूर्वी श्रीरामपूरच्या एका सायबर कॅफेत मी हेच करत होतो. तेव्हा हातात माउस होता आणि गेम दुसरा होता, पण डोक्यातला हिशोब तोच. काय सोडलं म्हणजे खेळ पळेल? या प्रश्नाला मोठी वंशावळ आहे. ती कुठेतरी लिहून ठेवावी असं त्या दुपारपासून मनात होतं. सेटिंगचं ते पान गेम बनवणाऱ्यांनी दिलं हे खरं, पण ते वापरायचं कसं हे शोधलं ज्यांच्याकडे भारी यंत्र नव्हतं त्यांनी.

मुळापासून जायचं तर आधी फ्रेम समजून घ्यावी लागते. पडद्यावर काहीच हलत नसतं. एकामागून एक स्थिर चित्रं, म्हणजेच फ्रेम किंवा चौकटी, येतात आणि हालचाल आपला मेंदू जोडतो. महाराष्ट्रात हे अगदी सुरुवातीच्या काळात ज्याने हाताने करून पाहिलं तो माणूस नगरला लागून असलेल्या नाशिक जिल्ह्यातला, त्र्यंबकेश्वरचा. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी एक छोटी फिल्म केली होती, ‘अंकुराची वाढ’. कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा एका जागी ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ थोड्या थोड्या चौकटी टिपत गेले. पडद्यावर दाणा फुटून वेल वर चढला. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आला तेव्हा मूकपट सेकंदाला साधारण १६ चौकटींच्या आसपास टिपले जात. कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवायचा आणि फिल्म महाग. चौकटी वाढवल्या तर हालचाल सुंदर, पण रीळ लवकर संपणार. पुढे बोलपट आला, आवाज फिल्मवरच छापला जाऊ लागला, आणि आवाज नीट यावा म्हणून सेकंदाला २४ चौकटी ठरल्या. म्हणजे फ्रेम रेट हा पहिल्यापासून खर्चाचा प्रश्न आहे.

सिनेमात मात्र सगळ्या चौकटी आधीच तयार असतात. गेममध्ये प्रत्येक चौकट त्या क्षणी काढावी लागते, कारण खेळणारा पुढच्या क्षणी डावीकडे वळेल की उजवीकडे हे कुणालाच माहीत नसतं. सेकंदाला ६० चौकटी हव्या असतील तर यंत्राला एका चौकटीसाठी सेकंदाचा साठावा भाग मिळतो, साधारण १७ मिलिसेकंद. तेवढ्यात डोंगर, घर, गवत, सावली, धूर, बंदूक, सगळं रंगवून झालं पाहिजे. नाही झालं तर ती चौकट उशिरा येते. त्या उशिरालाच पोरं ‘अटकतंय’ किंवा ‘लॅग मारतंय’ म्हणतात. खरं तर नेटचा उशीर निराळा आणि चौकटीचा उशीर निराळा, पण बोलताना दोन्ही एकाच शब्दात जातात.

जपानमध्ये १९७८ साली तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ बनवला. पडद्यावर पाच ओळींत ५५ परग्रहवासी. त्या काळचा प्रोसेसर इतका अशक्त की एका चौकटीत त्यातला एकच पुढे सरकवता यायचा. सगळे जिवंत असताना ५५ चौकटी गेल्यावर एकाची पाळी परत येणार, म्हणून झुंड संथ. गोळ्यांनी ते कमी होत गेले की उरलेल्यांची पाळी लवकर येऊ लागली, आणि शेवटचा एकटा तर प्रत्येक चौकटीला पळू लागला. निशिकादोंनी हा दोष दुरुस्त केला नाही, ठेवून दिला. खेळाची सगळी धडधड त्यातच होती. पडद्यावर कमी गोष्टी असल्या की यंत्र जोरात पळतं, हा धडा गेमच्या इतिहासात इतका लवकर मिळाला.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा ‘व्हिडिओ गेम’ आला, कॅसेट खोचायची, दोन रिमोट. बहुतेक घरांत ती जपानी निन्टेंडोच्या यंत्राची नक्कल असायची. ‘कॉन्ट्रा’त ‘एस’ मिळाला की पाच गोळ्या पसरून सुटायच्या, आणि समोरून गर्दी आली की माणसं आणि गोळ्या लुकलुकायच्या. आम्हाला वाटायचं कॅसेटला धूळ बसली. आम्ही ती काढून फुंकर मारायचो. खरं कारण चिपमध्ये होतं. पडद्याच्या एका आडव्या रेषेवर तिला फक्त आठच हलती चित्रं काढता यायची. नववं आलं तर ते गायब. म्हणून प्रोग्रॅम लिहिणारे पाळी लावत, या चौकटीला हा गायब, पुढच्या चौकटीला तो. सगळेच थोडे थोडे लुकलुकले तरी एकही पूर्ण नाहीसा होत नसे. अडचणीतून काढलेली ती वाट होती, पण निवड कंपनीची होती. खेळणाऱ्याला काही विचारलेलं नव्हतं.

खेळणाऱ्याला पहिल्यांदा नीट विचारलं ते पीसीने, आणि त्याला कारण आहे. व्हिडिओ गेमचं यंत्र सगळ्यांकडे सारखं. पीसी मात्र घराघरात वेगळा. एकाकडे जुना ३८६ प्रोसेसर, दुसऱ्याकडे नवा ४८६. एकच गेम दोघांना विकायचा तर काहीतरी मागे-पुढे करण्याची सोय द्यावीच लागणार. १९९२ साली आलेल्या ‘वुल्फेन्स्टाइन ३डी’मध्ये चित्राची खिडकी लहान करता यायची. डिसेंबर १९९३ मध्ये त्याच आयडी सॉफ्टवेअर कंपनीचा ‘डूम’ आला आणि त्यात दोन सोयी होत्या. अधिक-उणे बटणांनी खिडकी लहान-मोठी करायची, आणि एफ-५ दाबला की ‘लो डिटेल’.

या एफ-५ वर मी थोडा थांबतो, कारण आजच्या ‘स्मूथ’चा खरा पूर्वज हाच. डूमचं चित्र ३२० बाय २०० ठिपक्यांचं, म्हणजे ६४,००० ठिपके. त्यातल्या भिंती आणि राक्षस डूम उभ्या पट्ट्यांनी रंगवायचा, एकामागून एक ३२० पट्ट्या. एफ-५ दाबला की १६० पट्ट्याच मोजायच्या आणि प्रत्येक पट्टी शेजारी पुन्हा तशीच उमटवायची. चित्र जाडंभरडं दिसायचं, राक्षसांच्या कडा फाटल्यासारख्या. पण मोजायचं काम जवळपास निम्म्यावर आलं, आणि ज्याच्याकडे ४ एमबी मेमरीचा ३८६ होता त्यालाही खेळता आलं. त्या एका बटणात पुढची सगळी सेटिंग्ज बीजरूपाने आहेत. भिंत तीच, राक्षस तोच, बंदूक तीच, नियमही तेच. फक्त चित्राचा बारीकपणा खेळणाऱ्याच्या ऐपतीप्रमाणे.

दुसरा पूर्वज विद्यापीठातून आला. जेम्स क्लार्क या अमेरिकन संशोधकाने १९७६ साली एका निबंधात मांडलं की लांबच्या वस्तूला जवळच्या वस्तूइतका तपशील देण्यात अर्थ नाही. एकाच वस्तूची जाड आणि बारीक अशी अनेक रूपं ठेवावीत आणि अंतर पाहून वापरावीत. पुढे याच क्लार्कने सिलिकॉन ग्राफिक्स ही कंपनी काढली. क्लार्कचं म्हणणं पटवून घ्यायचं असेल तर नगरहून पाथर्डी रस्त्याने चांदबीबी महालावर जावं. खरं तर ती सलाबतखानाची कबर, पण नगरकर तिला चांदबीबी महालच म्हणतात. वर चढून कठड्याशी उभं राहिलं की पायाजवळच्या कुसळांचं एकेक टोक दिसतं. उतारावरच्या झाडांचे नुसते हिरवट गोळे. आणि तिकडे शहर म्हणजे धुरकट पट्टा, त्यात एखादी टाकी चमकते. आपला डोळा रोज हेच करतो. गेममध्ये याला ‘लेव्हल ऑफ डिटेल’ म्हणतात. त्याचाच भाऊ ‘ड्रॉ डिस्टन्स’, किती लांबपर्यंतचं चित्र काढायचं ते अंतर. ते कमी केलं तर लांबचं जग अचानक संपतं, म्हणून ती कड धुक्यात लपवायची. ‘टुरॉक’ आणि ‘सायलेंट हिल’मधलं धुकं प्रसिद्ध आहे. ‘सायलेंट हिल’मध्ये तर ते धुकंच भीती झालं.

मधली काही वर्षं भराभर सांगतो. १९९६ साली थ्रीडीएफएक्स कंपनीचं ‘वूडू’ कार्ड आलं, १९९९ साली एनव्हिडियाने ‘जीफोर्स २५६’ आणलं, आणि चित्र काढण्याचं काम मुख्य प्रोसेसरकडून वेगळ्या चिपकडे गेलं. त्याबरोबर सेटिंगचं पान लांबलं. पोत, प्रकाश, सावल्या, प्रतिबिंबं, कडा गुळगुळीत करणं, प्रत्येकाला वेगळी ओळ. ज्यांच्याकडे कार्ड होतं त्यांच्यासाठी ते पान हौसेचं होतं. आमच्याकडे कार्ड नव्हतं.

श्रीरामपूरचा तो कॅफे एका गाळ्यात होता. प्लायवूडचे आठ कप्पे, आठ असेंबल पीसी, तासाला २० रुपये. मी २००४ ते २००६ या काळात तिथे संध्याकाळी बसायचो, मालक जेवायला गेला की गल्ला सांभाळायचो. पेंटियम ४, २५६ एमबी रॅम आणि चित्रासाठी इंटेलच्या मदरबोर्डवरच बसवलेली ८४५जी किंवा ८६५जी चिप. हिला स्वतःची मेमरी नाही. रॅममधलीच थोडी उचलायची आणि त्याच वाटेने ने-आण करायची. प्रवरेच्या कालव्याला भंडारदऱ्याचं आवर्तन सुटतं तेव्हा वरच्या अंगाच्यांचं भिजवून झाल्यावर टेलच्या शेतकऱ्यापर्यंत किती पाणी पोचतं, हे आमच्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ही चिप टेलला होती.

आणि पोरांना खेळायचं होतं ‘जीटीए व्हाइस सिटी’. मे २००३ मध्ये पीसीवर आलेला हा गेम किमान ३२ एमबीचं ग्राफिक कार्ड मागायचा. आमच्या यंत्रावर तो सुरू व्हायचा, पण गाडीत बसून समुद्रकाठच्या रस्त्याला लागलं की पडदा घोटाळायचा. मग एकेक ओळ उघडून बघणं सुरू झालं. पहिली ओळ रेझोल्यूशन. १०२४ बाय ७६८ म्हणजे ७,८६,४३२ ठिपके. ६४० बाय ४८० म्हणजे ३,०७,२००. एका झटक्यात काम चाळीस टक्क्यांच्याही खाली. १५ इंची जाड मॉनिटरवर ते फारसं वाईटही दिसत नसे. मग ‘ट्रेल्स’ बंद. या गेममध्ये हलत्या दिव्यांच्या मागे रंगांचा पुसट फराटा राहायचा, त्यासाठी अख्खा पडदा पुन्हा एकदा मिसळावा लागे. तो बंद केला की चित्र उलट स्वच्छ व्हायचं. मग ‘ड्रॉ डिस्टन्स’चा दांडा डावीकडे. लांबच्या इमारती जवळ गेल्यावर एकदम उगवायच्या, पण गाडी वळायची.

हे करता करता एक गोष्ट ध्यानात आली, ती पुस्तकात कुठे वाचलेली नव्हती. सगळ्या ओळी एकाच ठिकाणचा भार कमी करत नाहीत. रेझोल्यूशन, सावल्या आणि प्रतिबिंबं यांचा भार चित्राच्या चिपवर. किती लांबचं दाखवायचं, किती माणसं, किती गाड्या, हा भार बराचसा मुख्य प्रोसेसरवरही. पोताचा दर्जा म्हणजे मेमरीचा प्रश्न. मेमरी पुरत असेल तर तो कमी करून काही हाती लागत नाही, आणि पुरत नसेल तर पडदा मधेच गोठतो. म्हणून आधी अडतंय कुठे ते बघायचं, मग ओळ निवडायची. रेझोल्यूशन कमी करूनही वेग वाढला नाही तर समजायचं की दोष चित्राच्या चिपचा नाही. आजही मला कुणी विचारलं तर मी याच क्रमाने सांगतो.

काही गेम तर सुरूच व्हायचे नाहीत, कारण कार्डाकडे जी कामं असायला हवीत ती या चिपला येतच नव्हती. त्यासाठी ‘थ्रीडी ॲनालाइझ’ नावाचा छोटा प्रोग्रॅम सीडीवरून सीडीवर फिरायचा. तो गेमला भासवायचा की कार्ड आहे आणि उरलेलं काम प्रोसेसरवर ढकलायचा. ‘काउंटर स्ट्राइक १.६’ला त्याची गरज नसे; त्यात ‘सॉफ्टवेअर’ हा पर्याय होताच, कार्डाशिवाय चालणारा. कन्सोल उघडून चौकटींची मर्यादा ठरवणारं ‘एफपीएस मॅक्स १०१’ टाइप करणारा पोरगा कॅफेत जाणकार समजला जायचा. मधेच लोडशेडिंगची वेळ यायची, आठ यूपीएस एकदम टीं-टीं करू लागायचे, आणि दहा मिनिटांत राउंड संपवायची घाई. मला तो आवाज अजून आठवतो.

याच्या थोडं आधीच जगात एक उलटं वळण लागलं होतं. डिसेंबर १९९९ मध्ये ‘क्वेक ३ अरीना’ आला. त्याच्या स्पर्धांत उतरणाऱ्यांकडे चांगली कार्डं होती, तरी ते चित्र मुद्दाम उतरवून खेळायचे. ‘पिकमिप’ नावाचा आकडा वाढवला की भिंतींचा पोत विरघळून नुसते सपाट रंग उरायचे, आणि त्या सपाट भिंतीपुढे शत्रू उठून दिसायचा. प्रकाशाचा साधा पर्याय घेतला की अंधारे कोपरे उजळायचे. गरिबाने नाइलाजाने केलेली गोष्ट अव्वल खेळाडूने आपणहून केली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी घटना आहे. तोपर्यंत ‘लो’ म्हणजे कमीपणा होता. त्यानंतर ‘लो’ ही निवड झाली.

मग फोन आला. जिओ सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झालं, पाठोपाठ रेडमी नोट ४ सारखे दहा-बारा हजारांचे फोन गावोगाव पोचले, आणि मार्च २०१८ मध्ये ‘पबजी मोबाइल’. आठ किलोमीटर बाय आठ किलोमीटरचं एरँगल बेट आणि त्यावर १०० माणसं. ज्या घरात कधी पीसी आला नव्हता तिथल्या पोराच्या हातात सेटिंगचं ते पान पहिल्यांदा गेलं. त्यात दोन दांडे शेजारी-शेजारी होते. चित्रासाठी स्मूथ, बॅलन्स्ड, एचडी, एचडीआर, अल्ट्रा एचडी. वेगासाठी लो, मीडियम, हाय, अल्ट्रा, एक्स्ट्रीम, म्हणजे सेकंदाला अनुक्रमे २०, २५, ३०, ४० आणि ६० चौकटी. एक वर न्यायचा तर दुसरा खाली आणावा लागे. पोरांनी तो सौदा फार लवकर ओळखला. चित्र सगळ्यात खाली, वेग सगळ्यात वर: ‘स्मूथ-एक्स्ट्रीम’. हा शब्द शेवगावपासून अकोल्यापर्यंत ज्याला त्याला माहीत आहे.

स्वस्त फोनांवर एक्स्ट्रीमची पायरी पुसट दिसायची, दाबली तरी उघडत नसे. मग ‘जीएफएक्स टूल’ आलं, गेमची सेटिंगची फाइल बदलून ती पायरी उघडणारं. कॅफेतल्या ‘थ्रीडी ॲनालाइझ’चाच हा नातू. फरक इतकाच की आता गेम ऑनलाइन असतो, असं टूल वापरणं नियमात बसत नाही आणि खातं बंद होऊ शकतं. मी भाच्याला ते वापरू देत नाही. मधे २ सप्टेंबर २०२० रोजी पबजीवर बंदी आली, २ जुलै २०२१ ला तोच खेळ ‘बीजीएमआय’ नावाने आला, जुलै २०२२ मध्ये तोही ॲपच्या दुकानातून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला. नाव बदललं, ‘स्मूथ-एक्स्ट्रीम’ तसंच राहिलं.

फोनने एक नवी ओळ मात्र जोडली, जी कुठल्याच पानावर छापलेली नाही. ती म्हणजे ऊन. पीसीला पंखा असतो, फोनला नसतो. चिप तापली की ती स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच उतरवते. मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशीपलीकडे जातो. पत्र्याखाली बसून एक्स्ट्रीमवर खेळलं की पहिली काही मिनिटं ६० चौकटी मिळतात, मग वेग घसरतो, आणि तो नेमका खेळाच्या शेवटच्या, आवळलेल्या वर्तुळात घसरतो, जिथे एक चौकट उशिरा आली तर माणूस मरतो. म्हणून कव्हर काढणं, चार्जिंगला लावून न खेळणं, ब्राइटनेस उतरवणं. ही सगळी सेटिंग्जच आहेत. ओट्यावरच्या चौघांतल्या एकाने तर दुपारी फ्रेम रेट हायवर, म्हणजे ३० वर ठेवलेला होता, संध्याकाळी तो ६० वर न्यायचा. मी विचारलं तर म्हणाला, “दुपारी साठ टिकत नाय. तीस टिकतं.” वर-खाली होणाऱ्या ६० पेक्षा टिकणारं ३० चांगलं. डोळ्याला त्रास कमी चौकटींपेक्षा चौकटींच्या असमान येण्याचा जास्त होतो, आणि हे त्या पोराला आपल्या अंगठ्याने कळलेलं होतं.

आता यंत्रंही हीच युक्ती करू लागली आहेत. एनव्हिडियाचं ‘डीएलएसएस’ २०१८ पासून, एएमडीचं ‘एफएसआर’ २०२१ पासून, लहान चित्र काढून ते हुशारीने मोठं करून दाखवतात. डूमच्या एफ-५ चीच ती शिकलेली पतवंडं. आणि आता गेम महाराष्ट्रातही बनतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ १८ ऑगस्ट २०२० रोजी आधी निन्टेंडो स्विच या हातातल्या लहान यंत्रावर आला आणि मग पीसीवर. पुण्याच्याच सुपरगेमिंगचा ‘इंडस’ ऑक्टोबर २०२४ मध्ये फोनवर आला. या मंडळींना काय सोडायचं आणि काय ठेवायचं हे कुणी शिकवायला नको.

तरी एक विनंती आहे. पुण्याहून जामखेड काही फार लांब नाही. पुढचा गेम दुकानात ठेवण्याआधी एकदा मे महिन्यात या, दुपारी तीनच्या सुमाराला, आणि ओट्यावर बसून इथल्या तीन-चार वर्षं जुन्या फोनवर तो तासभर खेळून बघा. फोन पोरं देतील. सेटिंगच्या पानावरच्या सगळ्यात खालच्या पायरीलाही तितकाच वेळ द्या, कारण आमच्याकडे गेम तिथूनच सुरू होतो.